अर्पिताचे सोपे प्रश्न

६ जानेवारी

आज एक थाप मारली आणि ती अंगाशी येणार असं दिसतंय.

दुपारी जांबचे रामराव क्लासवर आले. सोबत त्यांची मुलगी अर्पिता. दहावीच्या सुट्टीत माझ्याकडेच टायपिंग शिकली होती, आता बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन घरी बसलेली. पुण्यातली एक लहानशी कंपनी नवीन मुलांना घेते, मार्चच्या सुरुवातीला परीक्षा आहे, आणि ती परीक्षा 'क्लोजर' नावाच्या भाषेत द्यायची. रामराव म्हणाले, "मोबाईलवर शिकते म्हणती. मोबाईलवर शिकवणाऱ्यानं आमच्या चुलतभावाच्या पोराला बराबर बुडवलं. शिकवणाऱ्याचं तोंड बी दिसत न्हाई, मंग भरोसा कोणावर ठेवायचा? माणूस समोर पाह्यजे. तुम्ही शिकवत असाल तर शिकू द्या. तुम्ही म्हणले तयार हाय, तर पुण्याला नेतो. न्हाई तर बंद."

मग थोडं पुढे वाकून विचारलं, "तुम्हाला येती ना सर, ही भाषा?"

"येते की," मी म्हणालो.

नावसुद्धा आज पहिल्यांदा ऐकलं. पण कुंभार पिंपळगावात वीसेक वर्षं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडाला 'येत नाही' म्हणायची सवयच नसते. आणि खरं सांगायचं तर, क्लासवर कुणी शिकायला म्हणून यायचंच बंद झालंय. दाखले, विम्याचे अर्ज, झेरॉक्स. लोक 'सर' म्हणतात ते 'दादा, जरा लवकर' म्हणावं तसं. अर्पितानं तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग खाली बघितलं.

नंदाला सांगितलं. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे घरातही हजेरी घेतल्यासारखंच बोलते. "आधी स्वतःला आलं की मग शिकवा, एवढी काय घाई होती?" म्हणाली.

८ जानेवारी

पहाटे उठून दोन दिवस वाचतोय. लिस्प म्हणून भाषांचं एक जुनं घराणं आहे, त्यातली ही धाकटी. सगळं कंसात. दोन अधिक तीन असं सरळ लिहायचं नाही, (+ 2 3) असं लिहायचं. आधी काम, मग माणसं. कारण काय, तर पुढे चार नाही चाळीस आकडे आले तरी अधिकचं चिन्ह एकदाच. ठीक आहे, मानलं. तरी हाताला ते वळत नाही. डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटतं.

उद्या पहिला तास. चहा तीनदा झाला.

९ जानेवारी

पहिला तास झाला. रामराव गेले नाहीत! मला वाटलं सोडून जातील, बाजारात फिरतील. दाराजवळच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. पूर्ण तासभर.

फळ्यावर समजावलं, मग मशीनवर करून दाखवायला घेतलं. मी मूळचा गणिताचा माणूस. जास्तीचा कंस घातला तर गणितात कुणाचं काही बिघडत नाही, उलट उत्तरपत्रिका नीटनेटकी दिसते. म्हणून सवयीनं ((+ 2 3)) असं टाकलं. तर लालभडक चूक. पुन्हा टाकलं, पुन्हा चूक. पाठीमागे बाक करकरला. कानामागे घाम आला मला, जानेवारीत.

तेवढ्यात अर्पिता म्हणाली, "सर, मला एक कळलं न्हाई. इथं कंस म्हणजे 'हे काम कर' असा हुकूम असतो का? मंग दोनदा कंस दिला की उत्तर आलेल्या पाचालाच आपण म्हणतो का, की तू काम कर?"

"शाब्बास," मी म्हणालो, "तेच दाखवायला मुद्दाम केलं होतं." बाहेरचा कंस काढला, पाच आले. रामरावांनी मान डोलावली.

मुलगी तशी बरी आहे. पण अगदी पहिल्या पायरीवरच्या शंका काढते. मार्चपर्यंत कसं होणार?

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटताना सुद्धा डोक्यात एकच. या भाषेत व्हेरिएबल बदलत नाही! नाव व्हेरिएबल, म्हणजे बदलणारं, आणि बदलायचं नाही. मी आजवर शेकडो पोरांना सांगत आलो की व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात पाच ठेवा, मग पाच काढून सहा ठेवा. इथे पाच ते पाचच. सहा पाहिजे तर नवे सहा घ्या, पाचाला हात लावू नका.

मग मोजायचं कसं माणसानं? एक, दोन, तीन म्हणताना काहीतरी वाढतंच ना? नंदाला विचारलं. ती म्हणाली, "मला पोळ्या करू द्या."

१७ जानेवारी

आज पुन्हा फजिती होता होता राहिली. एका गटात नवा आकडा घालायचा होता. घातला, मग गट छापला, तर जुनाच. नवा आकडा गायब. मी म्हणालो मशीन अडकलंय, बंद करून सुरू करू. सुरू व्हायला हे मशीन किती वेळ घेतं ते मलाच माहीत. तेवढा वेळ रामराव आणि मी एकमेकांकडे बघत बसलो.

"औंदा गारठा बरा हाय," ते म्हणाले.

"बरा आहे," मी म्हणालो.

सुरू झालं, परत तेच. तेव्हा अर्पिता म्हणाली, "सर, माझ्या डोक्यात घोळ हाय. जुना गट तसाच राहतो आन् नवा वेगळा तयार होतो, मंग त्या नव्याला नाव द्यावं लागतं का आपल्याला? की तो आपोआप धरून ठेवला जातो?"

नाव द्यावं लागतं! अर्थातच द्यावं लागतं. दिलं, आणि आलं. "याचसाठी मी तो घोळ होऊ दिला," मी म्हणालो.

घरी येऊन नंदाला रंगवून सांगितलं, की बघ, विद्यार्थ्याला चुकीतून कसं शिकवतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गंमतच आहे. तुम्ही अडता तिथंच ती अडते."

"शिक्षकाच्या मागोमागच विद्यार्थी चालणार," मी म्हणालो. त्यावर ती एवढी का हसली कुणास ठाऊक.

२३ जानेवारी

लाईट नाही. वाचन नाही. दोनदा स्टँडवर जाऊन आलो, काही काम नव्हतं. एका जागी बसवत नाही आणि फिरलं तरी बरं वाटत नाही.

३० जानेवारी

चहा सांगायला खाली गेलो होतो. रामराव आज तुतीच्या पाल्याची गाडी भरायची म्हणून उशिरा येणार होते. वर आलो तर अर्पिता एकटी मशीनवर. बोटं अशी चाललेली की किल्ल्यांकडे बघतही नव्हती, आणि अख्खा पडदा कंसांनी भरलेला. मी दारात दिसताच तिनं सगळं पुसलं.

"काय होतं?" विचारलं.

"काई न्हाई सर. चुकलं होतं."

घाबरट आहे. चुकलं तर चुकलं, दाखवावं. चुकीला घाबरणारा माणूस पुढे कसा जाणार, यावर तिला चांगली दहा मिनिटं बोललो. तिनं मुकाट्यानं ऐकलं. मग रामराव आले, आणि ते टोपी मांडीवर ठेवून बसल्याबरोबर तिनं विचारलं, "सर, फंक्शन स्वतःलाच बोलावतं म्हणजे काय, ते परत एकदा सांगता का?"

परवाच सांगितलं होतं. परत सांगितलं. खरं तर दुसऱ्यांदा सांगताना मलाही जास्त नीट कळलं, पण तो मुद्दा वेगळा.

९ फेब्रुवारी

रामरावांसमोर आज आयुष्याची लाज जायची होती.

त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं, म्हटलं त्यांनाही बरं वाटेल. त्यांची रेशमाच्या अळ्यांची शेड आहे. प्रत्येक रॅकला किती पाला टाकायचा ते कॉम्प्युटर एकेक ओळ छापून सांगेल, असा प्रोग्राम. 'मॅप' म्हणून एक सोय आहे, एक काम सगळ्या गटाला लावून देते. सकाळी मी तुकड्यातुकड्यानं करून बघितलं होतं, झकास चाललं होतं. दुपारी सगळं एका फाईलीत घालून ऐटीत म्हणालो, "रामराव, या, बघा."

ते बाकावरून उठून आले. मी बटण दाबलं. काहीच नाही. चूक नाही, लाल अक्षर नाही, रॅक नाही, पाला नाही. कॉम्प्युटर सुखानं मोकळा.

"झालं का?" रामरावांनी विचारलं.

पुन्हा दाबलं. "सर, तुम्ही लई घामेजून राह्यले," ते म्हणाले. खरंच काळजीनं म्हणाले, त्याचंच जास्त लागलं.

अर्पिता खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. "सर, माझी येडी शंका हाय. हे मॅप आळशी तर नसंल? म्हणजे आपण एकेक तुकडा टाकून बघतो तवा मशीन उत्तर दाखवायसाठी मागतंच. फाईलीत ते कोणी मागितलंच न्हाई, म्हणून त्यानं केलंच न्हाई, असं असतं का?"

मी तिच्याकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती.

"असंच असतं," मी म्हणालो, आणि तिच्या पुढच्या दोन शंकांच्या आधारानं ते दुरुस्तही केलं. ओळी छापल्या गेल्या. रामराव वाकून वाचत राहिले. "पाचव्या रॅकला एवढा पाला न्हाई लागत," म्हणाले, पण खूश होते.

आळशी हा शब्द पुस्तकात मी कालच वाचला होता आणि उद्यावर टाकला होता. तिला कुठून सुचला? अंदाजानं असेल. अंदाजानं बोलणारी मुलं परीक्षेत मार खातात.

१८ फेब्रुवारी

कंपनीनं नमुन्याची प्रश्नपत्रिका पाठवली. अर्पितानं मला एक प्रत दिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही बघून ठेवा, मंग मी विचारते." दोन दिवस बघतोय. पहिला प्रश्न असा: एका उताऱ्यात कोणता शब्द किती वेळा आला ते मोजा. तयार सोय वापरायची नाही, कुठलीही गोष्ट बदलायची नाही, लूप लावून तेच काम फिरवायचं नाही.

अरे, मोजायचं आणि बदलायचं नाही? मोजलेलं ठेवायचं कशात? डबाच नाही हातात. सात पानं खरडली, फाडली. गच्चीवर फेऱ्या मारल्या. शेजारच्या तातेरावांनी विचारलं, गुडघे दुखतात का?

मला येत नाही. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. हा पहिलाच प्रश्न आहे आणि तो मला येत नाही.

२० फेब्रुवारी

आजही नाही.

आता विचार एवढाच. अर्पिता माझ्याकडून शिकते. मी एवढं वाचून, एवढा अनुभव असून मला येत नाही. जिला अजून कंस कशाला ते परत परत विचारावं लागतं, तिला कुठून येणार? रामरावांनी माझ्या शब्दावर तिला पुण्याला न्यायचं, तिनं तिथे कोऱ्या पडद्यापुढे रडायचं, आणि जांबपासून घनसावंगीपर्यंत लोकांनी म्हणायचं की मच्छिंद्र सरांनी पोरीचं हसं केलं. हे मला नको आहे. तिच्यासाठीच नको आहे.

२३ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

तास संपल्यावर रामराव उठले, टोपी घातली आणि विचारलं, "सर, परीक्षा एका आठवड्यावर आली. सांगा बिलकुल खरं. तयार हाय का पोरगी?"

"या वर्षी नको," मी म्हणालो. "अजून पाया कच्चा आहे. पुढच्या वर्षी नक्की."

रामरावांनी अर्पिताकडे बघितलंसुद्धा नाही. "ठीक हाय. तुम्ही म्हणता तर ठीक हाय," म्हणाले. अर्पिता वायरी गुंडाळत होती. "बरं सर," एवढंच म्हणाली. गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

वाईट वाटलं. पण एका परीनं बरंच झालं. आता वर्षभर सावकाश, पायरीपायरीनं शिकवता येईल. बाकावर रामराव, खुर्चीत अर्पिता, फळ्यापाशी मी. घाई नसली की शिकवणं कसं छान रंगतं.

२५ फेब्रुवारी

आली नाही. दोघंही नाहीत. मी फळा पुसून, तारीख घालून बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आधारची झेरॉक्स काढून गेले.

२६ फेब्रुवारी

आजही नाही. अन्न गोड लागेना. संध्याकाळी नंदानं विचारलं, आणि मी सांगितलं, की मी नाही म्हटलं रामरावांना.

तिनं हातातल्या वह्या खाली ठेवल्या. "कशावरून ठरवलं?"

"अगं, तिच्या शंका बघ ना. पहिलीच्या मुलासारख्या."

"पहिलीच्या मुलांना मी शिकवते, तुम्ही नाही. न येणारं मूल शंका विचारत नाही, खाली बघून बसतं. इतकी नेमकी शंका ज्याला येतं त्यालाच विचारता येते. ती पोरगी दीड महिना तुम्हाला बापासमोर सांभाळून घेतेय, आणि तुम्ही तिलाच कच्ची म्हणून आलात!" तिचा आवाज चढला होता, शाळेतल्यासारखा. "तुम्ही तिला एकदा तरी प्रश्न विचारलात का? एक?"

नाही विचारला. सगळा राग नंदावर काढायचा म्हणून तोंड उघडलं, आणि एकेक दिवस आठवायला लागला. जास्तीचा कंस. गायब झालेला आकडा. आळशी. मी तोंड मिटलं.

२७ फेब्रुवारी

सकाळीच गाडी काढून जांबला गेलो. रामरावांचं शेत गावाच्या थोडं अलीकडे आहे. शेडच्या दाराशी अर्पिताची आई, सगुणाबाई, पाल्याच्या पेंढ्या सोडत होत्या. त्यांनी मला अडवलं. "सर, चपला बाहेर. आन् तंबाखू खाल्ली आसंल तर आधी चूळ भरा, हात धुवा. आळ्यांना चालत न्हाई." मी शाळकरी मुलासारखा हात धुऊन आत गेलो.

अर्पिता रॅकवर पाला पसरत होती. आई दारातून पेंढी देई, ही पसरे, पुढे सरके. माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही. शेवटच्या दिवसांत अळ्या इतक्या खातात की थांबून चालत नाही.

मी तिथेच उभं राहून नमुन्याचा पहिला प्रश्न विचारला. जसा होता तसा. "मोजलेलं ठेवायचं कशात, अर्पिता?"

ती थोडा वेळ पाला पसरत राहिली. मग म्हणाली, "ठेवायचं न्हाई सर. पुढच्याच्या हातात द्यायचं. पहिला शब्द आला, मोजलं, ते मोजलेलं आन् दुसरा शब्द दोन्ही पुढच्या पायरीला द्यायचे. ती तिचं नवं मोजून त्याच्या पुढच्या पायरीला देती. शेवटच्या पायरीच्या हातात राहील ते उत्तर. कोणी कोणाचं बदलत न्हाई." आणि मग एकामागून एक कंस उघडत, बंद करत, तिनं अख्खा प्रोग्राम तोंडानं सांगितला. मध्ये आईला म्हणाली, "आई, जल्दी दे," आणि परत जिथे सोडलं होतं त्याच कंसापासून पुढे.

मी सात पानं फाडली होती त्यासाठी.

"कधीपासून येतं हे?"

"कॉलेजपासून शिकून राह्यले सर. मोबाईलवरच."

"मग हे सगळं नाटक कशाला?" मी ओरडलोच. सगुणाबाई दारातून आत बघायला लागल्या.

अर्पिताचा हात तेव्हा पहिल्यांदा थांबला. "आबा बाकावर बसायचे ना. तुम्हाला येत न्हाई असं त्यांना दिसलं असतं तर क्लास बंद झाला असता. क्लास बंद, मंग मशीन बंद, मंग पुणं बी बंद. मला तुम्ही सर पाह्यजेत सर. तुम्ही अडले की मी प्रश्न टाकायची. त्या दिवशी म्हटलं, आता हे हो म्हणतील." तिचे डोळे भरले. तिनं ते कोपरानं पुसले, कारण हाताला पाला होता.

एवढी लाज मला कधी वाटली नाही. मी बाहेर आलो. रामराव विहिरीकडून येत होते.

"रामराव, मी चुकलो. मला ही भाषा येत नाही. पहिल्या दिवशीही येत नव्हती. तुमच्या मुलीला येते. माझ्यापेक्षा, मोबाईलवरच्या बऱ्याच जणांपेक्षा चांगली येते. ती तयार आहे."

त्यांना राग यायला वेळ लागला, पण आला. "सर, तुमच्या 'हो'वर मी रोज पोरगी घेऊन येत गेलो. तुमच्या 'न्हाई'वर घरी बसवली. आता म्हणता दोन्ही बी खोटं व्हतं. मंग तिसऱ्यांदा तुमचं काहून ऐकू?"

"नका ऐकू," मी म्हणालो. "तिला विचारा."

रामराव मला ओलांडून शेडच्या दारापर्यंत गेले. चपला काढल्या. आत न जाता तिथूनच म्हणाले, "अर्पिता. येतं का गं तुला?"

"येतं, आबा."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुम्ही मला कधी इचारलं न्हाई. सरांना इचारत व्हते."

रामरावांनी टोपी काढून झटकली. मग सगुणाबाईंना म्हणाले, "हिची बॅग भर. शेवटचा पाला मी टाकतो." माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी चपला घालून निघालो. 'बसा' असं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

२ मार्च

आज परीक्षा. सकाळपासून फोन हातात. एका माणसाच्या उत्पन्नाच्या अर्जावर दुसऱ्याच्या बायकोचं नाव टाकलं. तो भांडून गेला. भांडला तेवढा वेळ बरा गेला.

३ मार्च

काही कळलं नाही. फोन करायला तोंड नाही.

११ मार्च

अर्पिताचाच फोन आला. "सर, घेतलं त्यांनी." मागे सगुणाबाईंचा मोठमोठ्यानं आवाज. "कंस नीट मोजत जा," असलं काहीतरी मूर्खासारखं बोललो. ती हसली. रामरावांनी फोन घेतला नाही.

नंदानं शिरा केला. मी खाल्ला, पण कुणाचं यश खातोय ते मला पक्कं माहीत होतं.

२ एप्रिल

क्लासच्या पाटीवरून भाषांची लांबलचक रांग खोडली. टायपिंग, दाखले, झेरॉक्स एवढंच ठेवलं. पाटी ओकीबोकी दिसते. रोज दुपारी त्या वेळेला बाकाकडे नजर जाते. मी क्लोजरचं पुस्तक बंद केलेलं नाही. का वाचतो ते सांगता येत नाही, कुणाला शिकवायचं तर नाहीच.

१९ एप्रिल

आज दुपारी जिन्यात चपलांचा आवाज आला आणि दारात रामराव. एकटेच. नेहमीच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माफ केलंय की भांडायला आलेत, कळेना.

"पोरगी रोज सांजच्याला फोन करती," ते म्हणाले. "आज हे केलं आबा, ते केलं आबा. मी नुसता हां हां करतो. मंग ती बी गप, मी बी गप. जेवलीस का विचारतो आन् ठेवतो." टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "तिला विचारायजोगा एखादा प्रश्न तरी यावा, एवढं शिकवता का मला?"

"रामराव, मलाच जेमतेम येतं. तुम्हाला माहीत आहे."

"ते माहीत हाय म्हणूनच आलो."

बाकावरून उठून ते अर्पिताच्या खुर्चीत बसले. मी फळ्यापाशी गेलो नाही, शेजारी स्टूल घेतलं. पाच ते पाचच, सहा पाहिजे तर नवे सहा, जुन्याला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुनं टाकायचं न्हाई, घडोघडी नवं करायचं. मंग एवढं सगळं मावतं कुठं?"

मी तोंड उघडलं. सवयीनं 'शाब्बास, तेच सांगणार होतो' असं येत होतं. "मला माहीत नाही," म्हणालो.

"मंग हाच," रामराव म्हणाले, आणि त्यांनी तिथूनच फोन लावला. सुट्टीचा दिवस होता, तिनं लगेच उचलला. त्यांनी अक्षरशः तेवढंच विचारलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं लाईन तुटली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "सरांनी सांगितलं का असं इचारायला?"

"न्हाई. मला कळलंच न्हाई, म्हणून इचारलं."

मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, 'कळलं का आबा' विचारत. रामरावांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मी स्टूल पुढे ओढलं, कारण मलाही ते ऐकायचं होतं.